पुढचं तुमचं, मागचं माझं

काकूंकडे जुनी फ्रेम उघडायला दिली की पक्कड उचलण्याआधी त्या गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवायच्या. "पुढचं तुमचं, मागचं माझं. चालंल?"

गिऱ्हाईक मान डोलवायचं. त्याला पुढचंच हवं असायचं. पुढे त्याचा आजा असायचा, किंवा आई, किंवा कुणाच्या तरी लग्नात सगळ्या घरादाराने मिळून काढलेला फोटो. फ्रेमच्या मागे काही असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

पेणच्या बाजारामागच्या एका अरुंद गल्लीत एका ट्रस्टचे गाळे होते, त्यातला एक काकूंचा. दुकान त्यांच्या सासऱ्यांनी काढलेलं. आपल्याकडची हवा ओली. पावसाळ्यात भिंतीतून ओल झिरपते आणि फोटोला पाठीमागून धरते. त्यावर सासऱ्यांनी एक तोड काढली होती. फोटो आणि मागचा पुठ्ठा यांच्या मध्ये ते एक जाडसर, गुळगुळीत कागद घालायचे. तसा कागद रद्दीत स्वस्तात मिळायचा तो कॉमिक्सच्या कव्हरचा. मुलांनी वाचून टाकलेली कॉमिक्स ते रद्दीवाल्याकडून आणायचे. आतल्या पानांनी काच पुसायची आणि कव्हर फोटोच्या मागे सारायचं. कॉमिक्स संपली तर सिनेमाची हँडबिलं, कॅलेंडरची पानं, साबणाची वेष्टनं. कासूपासून नागोठण्यापर्यंत कितीतरी घरांत आजोबांच्या पाठीशी मुखवटा घातलेला कुणीतरी उभा होता, आणि खाली बसून जेवणाऱ्या कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. सासऱ्यांनी कधी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसणार.

काकू लग्न होऊन रोह्याहून पेणला आल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्यादेखत एक फुटलेली फ्रेम उघडली. आतून चंद्रावर उभी असलेली एक मुलगी निघाली, डोक्यावर काचेचं भांडं घातल्यासारखा टोप आणि हातात कंदील. सासरे ते चुरगाळून केराच्या डब्यात टाकणार, तेवढ्यात काकूंनी हात पुढे केला. सुनेने सासऱ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू. "साडी मागितली असती तर दिली नसती," काकू म्हणायच्या. "हे लगेच दिलं. म्हनून तर कळलं, मानूस कशाची किंमत करत नाय ते."

मी त्यांना भेटले तोवर दुकानाची एक अख्खी भिंत भरली होती. डावीकडे विकायचे देव, विकायच्या देवी, निसर्गदृश्यं, घोड्यांची जोडी. उजवीकडे काकूंची भिंत. मोटारसायकलवरून दरी ओलांडणारा माणूस. टॉर्च घेऊन पायऱ्या उतरणारी गुप्तहेर मुलगी. काड्यापेट्यांची लेबलं एका फ्रेममध्ये ओळीने, वाघ, मोर, विमान, परत वाघ. बंद पडलेल्या कुठल्याशा थंड पेयाचा कागद, त्यावरची बाई बाटलीकडे न बघता आपल्याकडे बघत होती. सगळ्याला नीट लाकडी पट्टी, नीट काच. देवांना साधी पट्टी आणि यांना चांगली, हा फरक गिऱ्हाइकांच्या लक्षात यायचा.

मी माझं पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करायला गेले होते. आईने पाठवलं होतं. मी कमी बोलते. शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे बाजारात बोलायची वेळ आली की वाक्य आधी मनात जुळवून बघायची सवय लागलेली, आणि जुळेपर्यंत समोरचा दुसऱ्याशी बोलायला लागलेला. काकूंनी सर्टिफिकेट हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं.

"ह्याच्यात बघन्यासारखं काय हाय?" त्यांनी विचारलं.

मी शिक्क्याकडे बोट दाखवलं.

"सोनेरी शिक्का तरी जरा मोठा द्यायचा लोकांनी. बस. तुला इंग्लिश येत असंल ना? मग हे वाच." आणि त्यांनी माझ्या पुढ्यात एक कव्हर ठेवलं. समुद्राच्या तळाशी एक पाणबुड्या, त्याला आठ हातांच्या एका अजस्र प्राण्याने विळखा घातलेला. खाली पिवळ्या अक्षरांत एक ओळ होती. मी ती वाचून मराठीत सांगितली: या राक्षसाच्या मिठीतून तो जिवंत सुटेल का?

काकूंना ते पटलं नाही. "राक्षस कुठला? त्यानं त्याला धरलाय बघ कसा. पोराला पान्यात पोहायला शिकवताना धरतात तसा. वाचवतोय त्याला."

"पण इथे लिहिलंय..."

"लिवनाऱ्याला चित्र कळलं नाय."

सर्टिफिकेट चार दिवसांनी तयार होईल म्हणाल्या. ते आणायला गेले तेव्हा वाचायला आणखी सहा कव्हरं काढून ठेवली होती. नंतर मी नोकरी शोधत होते त्या सगळ्या काळात, रोज दुपारी, तिथेच असायचे. पट्ट्या मोजून द्यायच्या, काचा पुसायच्या, कव्हरं वाचायची. आतल्या गोष्टी आमच्याकडे नव्हत्याच. त्या पानांनी कधीच्याच काचा पुसून झाल्या होत्या. मला सुरुवातीला त्याची चुटपुट लागायची. मोटारसायकलवाला पलीकडे पोचला का? काकूंना ती कधीच लागली नाही.

"कव्हरवाला वचन देतो," त्या म्हणायच्या, "आतला ते मोडतो. आपन वचनापाशीच थांबायचं."

त्यांची एक सवय फार उपयोगाची होती. काम करताना त्या बारीक खिळे ओठांत धरायच्या. कुणी नको ते विचारलं की खिळ्यांकडे बोट दाखवायच्या आणि ठोकत राहायच्या. शेवटचा खिळा ठोकून होईपर्यंत विचारणारा एकतर निघून जायचा, नाहीतर आपला प्रश्न पुन्हा ऐकून स्वतःच खजील व्हायचा. मी तिथे बसायला लागल्यावर गल्लीतल्या बायकांना मोठी चिंता पडली. "बीकॉम झालीय ना ही? मग हितं खिळं मोजते का?" असं एकीने मला नाही, काकूंना विचारलं. काकूंनी ओठांतल्या खिळ्यांकडे बोट दाखवलं आणि मग ते बोट माझ्याकडे वळवलं. बाई माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घालून पट्ट्या मोजायला लागले. नंतर मी काकूंना म्हटलं, तुम्ही काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी खिळे तळहातावर काढले. "तुझं उत्तर मी दिलं तर ती उद्या पन मलाच विचारंल."

कव्हरांना जुनं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मुंबईहून अलिबागला जाणारी माणसं कधीमधी वाट वाकडी करून दुकानाशी थांबायची, फोन वर करून फोटो काढायची आणि म्हणायची, वा, काय जुनं जुनं ठेवलंय तुम्ही. "जुनं नाय," काकू म्हणायच्या, "टिकलेलं हाय. तुम्ही पन एवढं टिकून दाखवा." मग ते विचारायचे, हे केवढ्याला? काकू त्यांच्याकडे थंडपणे बघायच्या. "तुमचा आजा केवढ्याला?" एकदा एक माणूस खरंच विचारात पडला, आणि त्याच्या बायकोला एवढं हसू आलं की तिने जाताना घोड्यांची जोडी विकत घेतली.

दुपारी ऊन गल्लीत शिरलं की काकू एक धुवट साडी उजव्या भिंतीवर सोडायच्या. डावीकडचे देव उन्हातच. त्यावरून लोक बोलायचे. ट्रस्टचे सेक्रेटरी तर थांबून बोलायचे. बँकेतून रिटायर झालेले, कपड्यांना कडक इस्त्री, मराठी पुण्याची वाटावी अशी. "लक्ष्मी उन्हात आणि बूट घातलेल्या बाया सावलीत. काकू, याला काय म्हणायचं?"

"लक्ष्मी दर महिन्याला नवी छापून येते, साहेब. ही बाय आता कुठून येनार?"

त्यांचं वाक्य, मागचं माझं, मी त्यांना स्वतःहून एकदाच मोडताना पाहिलं. अंबा नदीला पूर येऊन नागोठण्यात घरांत पाणी शिरलं त्या वर्षी आमच्याकडे भिजलेल्या फ्रेमांची रांग लागली. काकूंनी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली आणि माणसं चिमट्याने वाळत घातली. आजे, आज्या, नवरदेव, शाळेचे वर्ग. त्यांच्या शेजारी त्यांच्या त्यांच्या मागची कव्हरं. येणाराजाणारा वाकून वाकून त्यांच्या खालून जायचा.

त्यात नागोठण्याचे एक चाचा आले. उमेदीचा सगळा काळ आखातात काढून परत आलेले. त्यांनी फ्रेम दोन्ही हातांनी धरली होती. "अम्माची एवढी एकच तसबीर," ते म्हणाले. "हजला जाताना पासपोर्टसाठी काढली होती. तीच मोठी करून घेतली."

काकूंनी फ्रेम उघडली. काचेखालचा कागद पांढरा झाला होता. नुसता पांढरा, कडेला थोडा करडा. त्यांनी तो पाण्यात सोडून, उलटा करून, उजेडात धरून सगळं करून पाहिलं. काही उरलं नव्हतं. मागचं कव्हर मात्र ओलं असूनही होतं तसंच होतं. पतंगाच्या शेपटीला धरून गावावरून उडत जाणारी एक छोटी मुलगी, खाली कौलं, विहीर, तोंड वर करून बघणारी बकरी.

काकूंनी कव्हर कोरडं केलं, त्याला काच लावली आणि चाचांच्या हातात दिलं.

"हे मी काय करू, काकी?"

"ठेवा घरात. ही रोज तुमच्या अम्माच्या पाठीला पाठ लावून होती. तिला जेवढी ठाऊक हाय तेवढी आता कुनाला नाय."

मला वाटलं ते रागावतील. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बकरी आमच्यासारखीच आहे," एवढंच म्हणाले आणि घेऊन गेले. पुढे ईदला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायला लागला आणि डब्याखाली प्रत्येक वेळी काहीतरी कागद असायचा, आखातातल्या चॉकलेटची चांदी, च्युइंगमचं स्टिकर. काकू आधी डब्याखाली बघायच्या.

आता सेक्रेटरींचं सांगते.

ट्रस्टच्या सभागृहात संस्थापकांचा मोठा फोटो होता. फेटा, उपरणं, हातात काठी. ट्रस्टच्या प्रत्येक कार्यक्रमात आधी त्या फोटोला हार. एका पावसाळ्यानंतर त्याच्या काचेत आतून धुकं धरलं आणि कोपऱ्यात कसर लागली. वार्षिक सभा जवळ आलेली. सेक्रेटरी स्वतः रिक्षातून फ्रेम घेऊन आले. दुकानात मी होते आणि कासूहून आलेली एक बाई होती, सासूसासऱ्यांचा फोटो साडीत गुंडाळून आणलेली.

काकूंनी पक्कड उचलण्याआधी विचारलं, "साहेब, पुढचं तुमचं, मागचं माझं. चालंल?"

सेक्रेटरी फोनवर होते. "हो हो, करा," ते म्हणाले.

खिळे निघाले, पुठ्ठा निघाला. आणि मागून ती बाहेर आली. मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा. त्यावर मुखवटा घातलेली बाई, लाल बूट, लाल झगा, एका हातात लगाम आणि दुसऱ्यात हवेत वळलेला चाबूक. पाठीमागे जळणारा किल्ला. सगळे रंग नुकतेच छापल्यासारखे, कारण त्यांनी कधी ऊन पाहिलंच नव्हतं. संस्थापक पुढून पिवळे पडत पडत नाक आणि फेट्याएवढे उरले होते, आणि मागे ही लालभडक.

कुणी काही बोलायच्या आत कासूची बाई म्हणाली, "अगो बाय. साहेबांच्या पाठी घोडी लागलेली की."

मी तोंडावर हात धरला. सेक्रेटरींनी फोन बंद केला.

"हे कुणी घातलं?"

"सासऱ्यांनी. ओल येऊ नये म्हनून. बघा, फोटोला ओल पुढून लागली, मागून नाय."

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही हार घालत होतो, आणि मागे ही..." त्यांनी चाबकाकडे बोट दाखवलं.

"हार पुढं घातला ना? मग झालं तर. पुढचं तुमचं."

"फाडून टाका ते. आत्ता, माझ्यासमोर."

काकूंनी कव्हर उचललं, फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवली आणि आपल्या मागच्या फळीवर ठेवलं. "साहेब, तुम्ही हो म्हनालात. मागचं माझं."

तिथेच मिटलं असतं. पण कासूची बाई गाडीने घरी गेली, आणि पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत सगळ्या पेणला कळलं होतं की संस्थापकांच्या मागे चाबूकवाली बाई निघाली. रामवाडीला एसटीची वाट बघणाऱ्या बाया माझ्याकडे बघून हसायच्या. लोक घरच्या फ्रेमा काढून आणायला लागले. काच शाबूत, फोटो शाबूत, नुसतं उघडून बघायला. "आमच्या आज्याच्या मागं कोन हाय गो?" एकाच्या आज्यामागे विमान निघालं, एकाच्या मागे नुसतंच कॅलेंडरचं पान, तर तो हिरमुसला. काकू सगळं उघडून दाखवायच्या आणि प्रत्येकाला आधी वाक्य ऐकवायच्या. कुणी म्हणालं की राहू दे, तिथेच ठेवा मागे, आमच्या घरातच राहू दे, तर त्या तसंच परत बसवायच्या. सक्ती नव्हती. पण विचारल्याशिवाय एकही फ्रेम उघडली नाही.

सेक्रेटरी दोन ट्रस्टींना घेऊन आले. गाळ्याचा करार त्याच सुमाराला संपत होता. ते शांतपणे बोलले. ते चित्र आमच्यासमोर फाडायचं. ही भिंत पूर्ण उतरवायची. ट्रस्टच्या जागेत देवादिकांच्या समोर असला प्रकार चालणार नाही. एवढं केलं की करार पुन्हा होईल. नाही केलं तर महिनाअखेरीला किल्ली द्यायची.

काकूंच्या ओठांत खिळे होते. त्या कुणाचं तरी लग्न फ्रेममध्ये बसवत होत्या. एक खिळा, दुसरा खिळा. ट्रस्टी घड्याळं बघायला लागले. शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर काकूंनी फळीवरून ती घोडेस्वार बाई घेतली. तिला त्यांनी आदल्या दिवशीच सगळ्यात रुंद पट्टी लावली होती. स्टूल ओढला, वर चढल्या आणि दारासमोर, आत येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी ती टांगली. मग खाली उतरून म्हणाल्या, "संस्थापकांचा फोटो तयार हाय. नवीन पुठ्ठा, नवीन काच. मागं कोरा कागद घातलाय. उघडून बघा पायजे तर."

त्यांनी खरंच उघडून बघितलं.

दुकान गेलं तर काकूंकडे दुसरं काही नव्हतं. मुलगा पनवेलला नोकरीला होता, तो धावत आला. समजूतदार, आईसारखेच मोठे हात. "आई, एक कागद आहे तो."

"एकच हाय म्हनून तर."

"मी मोबाईलवर चांगला फोटो काढून ठेवतो. मोठा करून देतो पाहिजे तेवढा. मग फाड."

"तुझ्या बापाचा फोटो हाय ना मोबाईलवर? मग घरात फ्रेम कशाला लावलीयस? काढ."

त्याने फोन खिशात ठेवला. मग मी माझी युक्ती सांगितली. मी ती दोन दिवस मनात घोळवत होते. कव्हर मी घरी नेते, कपाटात ठेवते, आपण सांगू की फाडलं. भिंत थोडे दिवस उतरवू. करार झाला की हळूहळू परत लावू. मला ती फार चांगली युक्ती वाटत होती. माझी सगळी शाळा, कॉलेज मी तशीच पार पाडली होती. वाद घालायचा नाही, हवं ते आत ठेवायचं आणि बाहेर हो म्हणायचं.

काकूंना राग आला नाही. त्या नुसत्या वर बघत होत्या, घोडेस्वार बाईकडे. "इतकी वर्षं भिंतीकडं तोंड करून होती गो ती," त्या म्हणाल्या. "तुझ्या कपाटात ठेवली की परत तेच ना? तिला काय, सभागृह काय नि कपाट काय."

त्या रात्री घरी गेल्यावर पहिल्यांदा मला माझ्या कपाटाचा राग आला.

काकू आता रोह्याला असतात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या शेजारच्या छोट्या गाळ्यात. त्यांच्या भावाने तो मिळवून दिला. पेणमधली सगळी ओळख मागे राहिली, आणि वर्षभर त्यांचं फार ओढाताणीत गेलं हे खरंच आहे. मी नागोठण्याला एका कंपनीच्या ऑफिसात लागले. सुट्टीच्या दिवशी जाते. सायकलवाला सुरुवातीला घाबरायचा त्यांना, आता ट्यूबचे खोके त्यांना दाखवल्याशिवाय फेकत नाही. कुणी म्हणतं, काकू, त्या वेळी ऐकलं असतं तर आज पेणमध्ये असता. "असते की," त्या म्हणतात. "भिंत मात्र त्यांची असती." आणि खिळे तोंडात टाकतात.

पेण सोडायच्या दिवशी मुलाने टेम्पो आणला होता. गल्लीत तो शिरेना, म्हणून हमरस्त्याच्या तोंडाशी उभा केला. बाजाराचा दिवस होता. काकूंनी मुद्दामच तो धरला असणार. लोकांचे फोटो आणि देव सकाळीच साड्यांत गुंडाळून, मध्ये पेंढा घालून गेले. मग उजवी भिंत. मी घरून वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणला होता.

"ते काय करायचंय?"

"गुंडाळायला."

"ह्यांना गुंडाळायचं नाय," काकू म्हणाल्या. "अशाच न्यायच्या. एकेक."

आणि आम्ही तशाच नेल्या. काकू पुढे, मुलगा मान खाली घालून मधे, मी मागे. मोटारसायकलवाला गेला, गुप्तहेर मुलगी गेली, काड्यापेट्यांचे वाघ गेले, आठ हातांचा प्राणी पाणबुड्याला धरून गेला. प्रत्येक खेपेला गल्ली थोडी थोडी थांबत होती. दुधीवाला वजन करता करता थांबला. चहावाल्याने कप हातातच धरला. सेक्रेटरी किल्ली घ्यायला आले होते, दोन्ही ट्रस्टींबरोबर गल्लीच्या मधोमध उभे.

शेवटी भिंतीवर एकटी घोडेस्वार बाई उरली. काकू स्टुलावर चढल्या, तिला खिळ्यावरून काढलं आणि खाली माझ्या हातांत दिलं. फ्रेम चांगलीच जड होती. मी तिला सवयीने छातीशी धरलं, काच माझ्याकडे.

"तशी नाय," काकू वरून म्हणाल्या. "उलटी धर. तोंड लोकांकडं."

"काकू, सगळे बघतायत."

"बघायलाच छापलीय."

मी फ्रेम फिरवली. आता मला लाकडी पट्टीच्या वरून फक्त पुढचं आकाश आणि माणसांची डोकी दिसत होती, पाय दिसत नव्हते. मी उंबरा ओलांडला. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने विचारलं, "कोन गो ही? कुठली देवी?" अशा वेळी मी ऐकलंच नाही असं करते. तेव्हा मी थांबले.

"देवी नाही," मी म्हटलं. "नाव ठाऊक नाही हिचं. बघून घ्या."

तिने हात पदराला पुसले आणि वाकून नीट बघितलं. पलीकडच्या बाजूने कांदेवाली ओरडली, "आमच्याकडं पन फिरव जरा." मी त्या बाजूला फिरवली. मग पुन्हा सरळ धरली आणि चालायला लागले.

सेक्रेटरी वाटेत होते. काकूंशी बोलत त्यापेक्षा ते माझ्याशी नेहमी हळू आवाजात बोलायचे. "तू शिकलेली मुलगी आहेस," ते म्हणाले. "तुला तरी कळायला हवं."

मनात वाक्य जुळवायला वेळ नव्हता. हात भरून आले होते.

"सर, बाजूला व्हा," मी म्हटलं. "काच आहे."

गल्ली अरुंद होती. ते आणि दोन्ही ट्रस्टी भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि मी त्यांच्या समोरून तिला घेऊन गेले.